टेकडीवरचं शिळावर्तुळ आणि साडेचार हजारांचं प्लेन टेबल

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून ३१ वर्षं काढली. निवृत्तीनंतर मी स्वतःच्या पैशानं प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवर बसवलेला, कागद लावून जागेवरच नकाशा काढायचा बोर्ड विकत घेतला, तेव्हा घरच्यांना नवल वाटलं. खात्यात शेवटची काही वर्षं आम्ही ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मशीननंच मोजणी करत होतो, आता तर पोरं उपग्रहावरून जागा टिपणारं रोव्हर घेऊन फिरतात. पीटी (प्लेन टेबल) शीटवर पेन्सिल टेकवणारे भूकरमापक बोटावर मोजण्याएवढे उरले असतील. पण मला या वेळी कुणाची पोटहिस्स्याची मोजणी करायची नव्हती. एका टेकडीच्या उतारावर साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचं दफनाचं शिळावर्तुळ आहे, ते कागदावर आणायचं होतं. त्या कामासाठी हे टेबल कसं ठरलं ते लिहितो. पाचपैकी चार गुण देतो. पाचवा का कापला तेही पुढं येईल.

संच नागपुरातल्या बर्डीवरच्या एका दुकानातून मागवला. माल अंबाल्याचा, किंमत ४,५०० रुपये. ६० बाय ७५ सेंटिमीटरचा लाकडी बोर्ड, तिपाई, पितळी साईटपट्टी म्हणजे अलिडेड, ट्रफ कंपास (लांबट पेटीतलं होकायंत्र), पाणसळ, ओळंब्यासकट यू-फोर्क आणि एक कॅनव्हासचं कव्हर. बोर्ड घेताना मी नेहमीची परीक्षा केली. साईटपट्टीची धार बोर्डावर तिरपी, आडवी, उभी ठेवून खालून उजेड येतो का पाहिलं. कुठंही फट नव्हती. लाकूड चांगलं मुरलेलं आहे. नोव्हेंबर ते जानेवारी तीन महिने वापरलं, सकाळचं दव आणि दुपारचं ऊन दोन्ही खाल्लं, तरी बोर्ड तसूभरही वाकला नाही. या भावात हे मोठं आहे.

जागेचं नाव देत नाही. नागपूरच्या पश्चिमेला, संत्र्याच्या बागा संपून मुरमाड उतार सुरू होतो त्या पट्ट्यातली टेकडी, एवढं पुरे. नाव छापलं की आठ दिवसांत कुणीतरी कुदळ घेऊन धन शोधायला जातं, हे मी नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्यांना अशी वर्तुळं बघायची आहेत त्यांनी काटोल रस्त्याला जुनापाणीला जावं. ती केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत, तिथं बघायला कुणाची ना नाही. मोजणी वगैरे करायची तर मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची रीतसर परवानगी काढावी लागते. माझी टेकडी खासगी मालकीची आहे. मालकाला विचारूनच गेलो. खोदायचं नाही, दगड हलवायचा नाही आणि काही उचलून आणायचं नाही, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं.

माझ्यासोबत माझी भाची होती. ती नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व शिकते. हे खूळ तिनंच माझ्या डोक्यात घातलं. दोन वर्षांपूर्वी तिनं मला जुनापाणीला नेलं आणि म्हणाली, "मामा, तुम्ही एवढ्या जमिनी मोजल्या, तुम्हाला ही कधी लागली नाहीत?" मी गप्प बसलो. लागली होती. मुरमाड पडीक तुकडा, त्यात गोल मांडलेले काळे धोंडे, शेतकरी म्हणायचा इथं नांगर चालत नाही, आणि मी तेवढं क्षेत्र पोटखराबात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमिनीत, टाकून पुढं जायचो. ३१ वर्षांत अशी किती वर्तुळं मी पोटखराब म्हणून लिहून टाकली असतील, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. म्हणून हे टेबल घेतलं.

आता कामाचं. आमचं वर्तुळ अंदाजे १२ मीटर व्यासाचं. कडेनं बेसाल्टचे धोंडे, आत मुरूम-खडीचा उंचवटा. उतार साधारण सहाला एक, म्हणजे सहा मीटर आडवं गेलं की एक मीटर खाली. पहिला नियम मी स्वतःशी केला तो असा की तिपाई वर्तुळाच्या आत ठेवायची नाही. मधोमध टेबल लावून चहूकडं रेषा काढल्या की काम लवकर होतं हे खरं, पण तिपाईच्या लोखंडी टोकांखाली कुणीतरी पुरलेलं असू शकतं. तेव्हा इंटरसेक्शन पद्धत घेतली. वरच्या अंगाला, दगडांच्या कड्यापासून आठ मीटरवर, उताराला आडवी अशी १८ मीटरची बेसलाइन, म्हणजे मोजलेली आधाररेषा, टाकली. आडवी टाकल्यानं दोन्ही टोकं एका पातळीत आली आणि टेप सरळ धरता आला. एका टोकावरून प्रत्येक दगडाच्या डाव्या-उजव्या कडेला रेषा, मग टेबल दुसऱ्या टोकावर नेऊन पुन्हा तशाच रेषा. चार रेषांच्या छेदात दगडाची चौकट मिळते. मग त्याच्याकडं नीट बघून त्याचा आकार हातानं काढायचा. स्केल १:५०. म्हणजे सबंध वर्तुळ शीटवर वीतभर येतं आणि पेन्सिलीच्या टोकाएवढी चूक जमिनीवर सव्वा सेंटिमीटर भरते.

इथंच संचातला पहिला दोष दिसला. साईटपट्टीचे उभे दांडे, आम्ही त्यांना साईटव्हेन म्हणतो, ते आखूड आहेत. सपाट शेतात काही फरक पडत नाही. उतारावर वरून खाली बघताना मात्र खालचा दगड फटीत येतच नाही, नजर त्याच्या डोक्यावरून जाते. शेवटी प्रत्येक दगडाच्या कडेला भाचीनं झेंडी उभी धरली आणि मी झेंडीच्या वरच्या टोकाला नेम घेतला. ती कड्याच्या बाहेरून फिरत होती, आत पाऊल टाकत नव्हती. ४१ दगड, प्रत्येकाला दोन कडा, दोन स्टेशनं. म्हणजे १६४ वेळा झेंडी उभी धरायची आणि प्रत्येक वेळी ती ओळंब्यात आहे का ते बघायचं. दोन दिवस गेले. दांडे पाच सेंटिमीटर उंच असते तर यातलं निम्मं काम वाचलं असतं. एक गुण कापला तो मुख्यतः यासाठी.

दुसरी गोष्ट संचाचा दोष नाही, पण विकत घेणाऱ्यानं माहीत करून घ्यावी. ट्रफ कंपासवर विसंबू नका. आपल्याकडचा काळा दगड बेसाल्ट आहे, त्यात लोहचुंबकी कण असतात, धोंड्यांजवळ सुई भरकटते. पहिल्या स्टेशनवर सुईप्रमाणं शीटवर उत्तर आखली. दुसऱ्या स्टेशनवर टेबल मागच्या झेंडीवर नेम धरून लावलं आणि कंपास ठेवून पाहिला, तर सुई तीनेक अंशांनी हटलेली. वीस मीटरवर तीन अंश म्हणजे मीटरभराची चूक. सुईवर भरवसा ठेवून टेबल फिरवलं असतं तर अर्धं वर्तुळ दुसरीकडंच गेलं असतं. म्हणून उत्तर फक्त अंदाजापुरती लिहायची आणि टेबल नेहमी मागच्या खुणेवरूनच लावायचं. साखळीच्या जमान्यातल्या माझ्या वरिष्ठांनी हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तेव्हा मला ती नुसती शिस्त वाटायची.

आता टेबलाचा खरा गुण सांगतो. ईटीएसनं काम केलं असतं तर ४१ दगडांचे बिंदू तासाभरात मिळाले असते आणि घरी संगणकावर एक गोल उमटला असता. तो गोल खोटा ठरला असता, कारण ४१ दगडांपैकी सगळे त्या वर्तुळाचे नाहीतच. बेसाल्टची एक खोड आहे. तो कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो आणि आतला गाभा गोल धोंडा होऊन उघडा पडतो. टेकडीवर असे गोल धोंडे आपोआप तयार होतात. माणसानं मांडलेला कुठला आणि टेकडीतून निघालेला कुठला, हे लांबून कळत नाही. प्लेन टेबलावर दगड काढायचा तर तुम्हाला त्याच्यापाशी जावंच लागतं, आणि पेन्सिल टेकवण्याआधी ठरवावं लागतं की हा कोण आहे. अखंड रेघेनं काढायचा की तुटक? मशीन हा प्रश्न विचारत नाही.

आम्ही प्रत्येक दगडाच्या बुडाशी हात फिरवला. बुडाला मुरूम घट्ट चिकटून बसला असेल, भोवती पावसानं धुतल्याची ओघळ असेल आणि दगडाची लांब बाजू कड्याच्या दिशेनं पडली असेल, तर तो जागचा. बुडाखाली पान सरकत असेल, किंवा दगडफूल वरच्या अंगाला असायचं ते कुशीला आलं असेल, तर तो घसरलेला. आणि भोवती त्याचेच पापुद्रे कोषासारखे जमिनीत रुतलेले दिसले, तर तो टेकडीचा स्वतःचा, तिथंच जन्मलेला. असं करून २९ दगड जागचे, ७ सरकलेले आणि ५ टेकडीचे निघाले. सरकलेल्या सातांपैकी सहा उताराच्या बाजूचे आहेत, यात आश्चर्य नाही. सातवा मात्र वरच्या अंगाला कड्यापासून दोन मीटर चढावर पडलेला आहे. दगड चढावर आपण होऊन जात नाही. तो कुणीतरी उपटला आहे.

सतरा नंबरच्या दगडावर वाट्या आहेत. पाच उथळ खळगे, एका ओळीत, अंगठा टेकेल एवढे. दुपारी बारा वाजता मी त्याच दगडावर हात टेकून पाणी प्यायलो होतो, तेव्हा दिसले नाहीत. पाच वाजता ऊन तिरपं झालं आणि पाचही खळग्यांत सावली उतरली. बोट फिरवलं तर आतून गुळगुळीत. पावसानं झालेले खड्डे खडबडीत आणि वेडेवाकडे असतात, हे तसे नव्हते. जुनापाणीच्या दगडांवरही अशा वाट्या आहेत आणि काही अभ्यासकांनी त्यांच्या दिशांचा संबंध आकाशाशी जोडून पाहिला आहे. आमच्याकडं एकाच दगडावर वाट्या, त्यावरून मी काही बोलणार नाही. शीटवर दगडाची जागा आणि ओळीची दिशा टाकून ठेवली. पण ज्याला अशी मोजणी करायची असेल त्यानं एक दिवस तरी दिवस कलेपर्यंत थांबावं, एवढं सांगतो.

आता उताराचं गणित, कारण इथं हुशार माणसंही फसतात. मोजणीत अंतर नेहमी आडवं धरायचं, जमिनीवरून नाही. टेप पाणसळीत ताणायचा आणि टोकाला ओळंबा सोडायचा, उतार जास्त असेल तर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरायचं. सहाला एक उतारावर १२ मीटर आडवं अंतर जमिनीवरून १२.१७ मीटर भरतं. टेप गवतावर टाकून मोजणाऱ्याला गोल वर्तुळ उताराच्या दिशेनं लांबट दिसेल आणि तो लिहून मोकळा होईल की हे लंबवर्तुळ आहे.

आमच्या शीटवर उलटं झालं. आडव्या दिशेनं १२ मीटर आणि उताराच्या दिशेनं साधारण ११.८. मी दोनदा तपासलं. मग भाची म्हणाली, "मामा, त्यांनी मधे खुंटी ठोकून दोरी फिरवली असेल तर? दोरी जमिनीला लागूनच फिरणार ना?" बरोबर आहे. उतारावर दोरीनं काढलेलं वर्तुळ त्या उतारावर उभं राहून गोलच दिसतं, पण आडव्या नकाशात ते उताराच्या दिशेनं दबतं. १२ मीटरचं ११.८४ होतं. आमचं माप त्याला जाऊन भिडत होतं. तो कागद हातात धरून मी बराच वेळ टेकडीवर बसून राहिलो. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इथं खुंटी रोवून दोरी ताणली असेल. माझ्याच धंद्यातला माणूस.

तरी निष्कर्ष म्हणून ते मी लिहिलं नाही. फरक सोळा सेंटिमीटरचा आणि एकेक दगड पाऊण मीटर रुंद. खालचे दगड थोडे घसरले असतील तर माप वाढणार, वरचे थोडे दबले असतील तर कमी होणार. एका वर्तुळावरून हे सिद्ध होत नाही. दहा वर्तुळं मोजावी लागतील, वेगवेगळ्या उतारांवरची, आणि उतार वाढेल तसा दाब वाढतो का ते बघावं लागेल. सपाटीवरची वर्तुळं गोलच निघायला हवीत. हा प्रश्न आता माझ्याकडं आहे.

उंचवट्याची गंमत याहून मोठी. वरून टेकडी उतरत आलात तर उंचवटा जाणवतच नाही. खालून बघितलं तर छातीच्या वर ढीग उभा. कुणाचं खरं? हे प्लेन टेबलाचं काम नाही, त्यासाठी एका जुन्या सहकाऱ्याकडून डंपी लेव्हल, म्हणजे उंच-सखलपणा मोजायची दुर्बीण, मागून आणली. स्टाफची, म्हणजे खुणा आखलेल्या उभ्या पट्टीवरची रीडिंग मीटरमध्ये अशी आली: वरच्या कड्याशी ०.६२, मध्यावर ०.८४, खालच्या कड्याशी २.६०. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो, रीडिंग जास्त म्हणजे जागा खोल. मध्याचं रीडिंग घेताना तेवढं एकदाच आत जावं लागलं, भाची चप्पल काढून गेली आणि स्टाफ हलक्या हातानं टेकवला. आता बघा. मध्य वरच्या कड्यापेक्षा २२ सेंटिमीटर खाली आहे, म्हणून वरून येणाऱ्याला ढीग नाहीच. खालच्या कड्यापेक्षा तो १.७६ मीटर वर आहे, म्हणून खालच्याला तो पुरुषभर वाटतो. दोन्ही कड्यांमधून टेकडीचा मूळ उतार सरळ ओढला तर मध्यावर जमीन १.६१ वर यायला हवी होती. ती ०.८४ वर आहे. म्हणजे माणसांनी घातलेली भर ७७ सेंटिमीटर. एवढीच आणि एवढी. हा आकडा हातात आल्यावरच ढीग किती होता, किती लोकांनी किती टोपल्या वाहिल्या असतील, याचा विचार सुरू करता येतो.

आणि ती भर कशाची? वरवर मुरूम आणि गोटे. पण खालच्या अंगाला साळिंदरानं बीळ पाडलं आहे आणि बाहेर टाकलेली माती काळी आहे. चिमूटभर घेऊन पाण्यानं ओली केली तर तिची वळी वळली. कपाशीच्या शेतातली चिकण काळी माती. त्या टेकडीवर दुसरीकडं कुठंही काळी माती नाही, सगळा पिवळा मुरूम. ती खालच्या शेतातून किंवा नाल्याकाठून वर वाहून आणलेली आहे. विदर्भातल्या ज्या वर्तुळांची शास्त्रशुद्ध खोदाई झाली त्यांतही अशी आणलेली काळी माती भरलेली आढळली आहे, हे भाचीनं तिथल्या तिथं सांगितलं. माती आम्ही होती तिथं परत टाकली.

त्याच खोदाया आमच्या डोळ्यांसमोर होत्या. टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथं पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी केलेली, जुनापाणीला १९६१-६२ मध्ये बा. कृ. थापर यांनी केलेली. माहुरझरीला घोड्यांची हाडं आणि त्यांच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने मिळाले. या भागातल्या लोखंडी कुऱ्हाडींना दांडा पक्का करणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या असतात. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. सगळ्याच वर्तुळांत माणसाची हाडं मिळतात असं नाही, काहींत नुसती भांडी आणि हत्यारं असतात. तेव्हा आमच्या ढिगाखाली काय आहे ते मी सांगू शकत नाही आणि सांगायची घाईही नाही.

या वर्तुळांपायी एक जीवही गेलेला आहे. नागपुरातल्या ज्या हिस्लॉप कॉलेजात आमच्या घरची दोन माणसं शिकली, ते ज्यांच्या नावाचं आहे ते स्टीफन हिस्लॉप सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं बघून रात्री परतत होते. वाटेत बोरीजवळ नाल्याला पूर होता, त्यात ते बुडाले. मिशनरी माणूस, पण दगड आणि जीवाश्म यांचं वेड होतं. जवळच्या नाल्यावरून सामान नेताना मला प्रत्येक वेळी त्यांची आठवण यायची.

आमच्या ढिगाच्या आग्नेय अंगाला दोन मीटर रुंदीचा घोटाभर खोल खळगा आहे आणि त्याच्या खाली उतारावर खडीचा पंखा पसरला आहे. शीटवर उताराच्या रेषा काढताना तो उघडा पडला. या रेषा बेडकीच्या पिल्लासारख्या काढतात, डोकं चढाकडं आणि शेपूट उताराकडं. एरवी सगळ्या रेषा मध्यापासून बाहेर पडत होत्या, इथं त्या आत वळल्या. पहिल्यांदा वाटलं की खालचं दफन खचलं असेल. पण नुसतं खचलं असतं तर बाहेर खडी आली नसती. कुणीतरी पूर्वी खोदलं आहे, चढावरचा तो सातवा दगडही त्याच हातांनी उपटला असावा. कधी, ते नुसत्या मोजणीतून कळत नाही. पंख्यावर जुनं गवत आणि एक बोरीचं झुडूप आहे, म्हणजे कालपरवाचं नाही.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा शेळ्या घेऊन आला. टेबलाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "का करून राह्यले भाऊ? जमीन विकून राह्यला का मालक?" मी सांगितलं, विकत नाही, हे दगड कागदावर काढतो आहे. म्हणाला, "हे गवळ्याचे वाडे होय. आमचा बुढा सांगे, इथं रातच्याला ढोरं बसवू नोको." मग शीटवर वाकून त्यानं बोट ठेवलं आणि विचारलं, "हा धोंडा अन् हा धोंडा, यायच्या मधला कुठं गेला?" मी बघितलं. बाराव्या आणि तेराव्या दगडामध्ये दीड मीटरचं अंतर होतं, बाकी सगळीकडं हात-दीड हात. आम्ही ते मोजलं होतं, पण पाहिलं नव्हतं. त्यानं आम्हाला खाली शंभर पावलांवरच्या धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधापाशी, नेलं. धुऱ्यात तसाच एक काळा धोंडा बसवलेला होता, त्याला शेंदूर. त्याच्या लहानपणापासून तो तिथंच आहे. वर्तुळातलाच आहे असं मी छातीठोक म्हणत नाही, पण शीटच्या कोपऱ्यात त्याची नोंद केली. कागद उघड्यावर, बोर्डावर पसरलेला नसता तर म्हाताऱ्यानं बोट कशावर ठेवलं असतं? ईटीएसच्या बारक्या पडद्यावर त्याला काही दिसलं नसतं. प्लेन टेबलाच्या बाजूनं माझ्याकडं यापेक्षा मोठं कारण नाही.

उरलेले दोष पटकन सांगतो. तिपाईचा विंगनट हलका आहे, तिसऱ्या दिवशी आटे गेले आणि बोर्ड फिरायला लागला. साध्या नट-बोल्टच्या दुकानात दुसरा मिळतो, टेबल घेतल्या दिवशीच बदला. कव्हर नावापुरतं आहे, दवानं ओलं होतं, मी प्लास्टिकचा कागद वापरला. वारा सुटला की तिपाई थरथरते, तेव्हा मधे पाण्याचा कॅन टांगायचा. जागेवरचे दगड पिशवीत भरून टांगू नका, तुम्ही ज्याची मोजणी करताय तेच तुम्ही हलवाल. उन्हात पांढरी शीट डोळ्यांवर येते, मोठी छत्री आणि ती धरणारं माणूस हवं.

मोबाईलमधल्या जीपीएसवर हे काम होत नाही, तो तीन-चार मीटर इकडंतिकडं दाखवतो आणि आपलं वर्तुळच बारा मीटरचं. सबंध टेकडीवर किती वर्तुळं आहेत आणि कुठं, हे टिपायला मात्र तो पुरतो. ड्रोनचे फोटो सुंदर येतात, पण कुसळाच्या गवतात बुडालेला दगड वरून दिसत नाही, आणि परवानग्यांचा व्याप वेगळा. ज्याच्याकडं ईटीएस आहे त्यानं बेसलाइनची दोन टोकं ईटीएसनं पक्की करावी आणि दगड टेबलावर काढावेत. माझ्या मते हीच जोडी उत्तम.

शीट शाईनं पक्की करून तिची एक प्रत मी जमीनमालकाला नेऊन दिली. त्यानं ती खाटेवर पसरली आणि पहिल्यांदा विचारलं की याच्यात आपला धुरा कुठं. दाखवला. मग बराच वेळ तो २९ अखंड रेघांच्या दगडांवरून बोट फिरवत राहिला. मुरूम उचलणाऱ्याशी त्याचं बोलणं झालेलं होतं, ते मला ठाऊक होतं, मी विषय काढला नव्हता. तोच म्हणाला, "ट्रक पलीकडून घालायला सांगतो, साहेब. हे एवढं सोडून."

मार्चमध्ये गवत बसलं की त्याच टेकडीवरच्या आणखी दोन वर्तुळांची शीट लावणार आहे. त्यातलं एक जवळजवळ सपाटीवर आहे. दोरीचा प्रश्न तिथं तपासता येईल.